मांगूर देशी की आफ्रिकन? मिशा मोजू नका, डोक्याची मागची बाजू बघा

धाराशिव : शेततळ्यात मासे सोडायचे म्हटले की रोहू, कटला, मृगळच्या जोडीला आता मांगूरचं नावही निघतं. कमी पाण्यात जगतो, पाणी खराब झालं तरी मरत नाही, बाजारात जिवंत विकता येतो, असं सांगितलं जातं. सांगणं खोटं नाही. पण मांगूर या एकाच नावाखाली दोन वेगळे मासे विकले जातात. एक आपला देशी मांगूर, तो पाळायला हरकत नाही. दुसरा आफ्रिकन मांगूर, त्याच्या पालनावर भारतात २००० सालापासून बंदी आहे. बी घेताना चूक झाली तर तळ्यातला सगळा माल नष्ट करण्याची वेळ येते.

थाई म्हणतात, पण मूळचा आफ्रिकेचा

बंदी असलेल्या माशाचं शास्त्रीय नाव क्लेरियस गॅरिपिनस. तो मूळचा आफ्रिकेतला. थायलंडमधून बांगलादेशात आणि तिथून चोरवाटेनं भारतात आला, म्हणून त्याला थाई मांगूर हे नाव पडलं. कुणी त्याला हायब्रीड मांगूर म्हणतं, तर कुणी नुसतंच मांगूर. देशी माशाचं नाव क्लेरियस मागूर. बिहारचा तो राज्य मासा आहे आणि जगभरच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत त्याची नोंद आहे.

दोघे एकाच कुळातले, त्यामुळे वरवर बघून फसगत होते. दोघांच्या अंगावर खवले नाहीत. दोघांनाही मिशांच्या चार जोड्या, म्हणजे आठ मिशा. दोघेही तोंड वर काढून हवेतून श्वास घेतात आणि ओल्या जमिनीवर सरपटतात. म्हणून मिशा किंवा चिवटपणा बघून काही कळत नाही.

ओळखायचा कसा?

डोकं : सगळ्यात खात्रीची खूण हीच. मासा पोटावर ठेवून वरून बघा. डोक्याचं चपटं, टणक हाड मागं पाठीकडं जिथं संपतं, तिथली कड बोटानं चाचपा. देशी मांगुरात हे हाड मधोमध नांगराच्या फाळासारखं एका टोकात निमुळतं होतं. आफ्रिकन मांगुरात एकाऐवजी तीन टोकं दिसतात, कड नागमोडी लागते.

रंग : देशी मांगूर तपकिरी, एकसारख्या रंगाचा असतो. अंगावर कधी बारीक पांढरे ठिपके दिसतात. आफ्रिकन मांगूर राखाडी-काळा असून पाठीवर आणि बाजूला संगमरवरासारखे वेडेवाकडे डाग असतात, पोट पांढरं असतं. मात्र पाण्याप्रमाणं रंग बदलतो. गढूळ तळ्यातला मासा फिका पडतो, म्हणून नुसत्या रंगावर निकाल देऊ नये.

काटा : कल्ल्यामागच्या पराला दोघांनाही टणक काटा असतो. देशी माशाच्या काट्याला आतल्या कडेनंही करवतीसारखे दाते असतात, आफ्रिकन माशाच्या काट्याला ते फक्त बाहेरच्या कडेला असतात. जिवंत माशावर ही खूण बघू नका. काटा लागला तर हात ठणकतो.

आकार : देशी मांगूर साधारण वीतभर ते हातभर वाढतो. वर्षभरात त्याचं वजन शे-दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. आफ्रिकन मांगूर पाच-सहा महिन्यांत किलोपर्यंत जाऊ शकतो, आणि मोकळ्या पाण्यात मीटरभराहून लांब होतो. बाजारात दोन-तीन किलोचा मांगूर दिसला तर तो देशी नाही, हे समजून घ्यावं.

शिंगी हा तिसरा मासाही कधीकधी मांगूर म्हणून खपवला जातो. त्याची ओळख सोपी आहे. मांगुराच्या पाठीवरचा पर डोक्यामागून शेपटीपर्यंत लांब जातो, शिंगीचा अगदी आखूड असतो. शिंगीचा काटा विषारी असतो, हात जपून घाला.

बोटुकलीत फरक दिसत नाही

खरी अडचण इथंच आहे. शेतकरी विकत घेतो ते इंच-दोन इंचाचं बी, आणि त्या वयात दोन्ही मासे नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड असतं. त्यातच दोघांचा संकर केलेलं बीही असतं. त्यात दोघांच्या खुणा मिसळलेल्या असतात.

अशा वेळी माशापेक्षा विकणाऱ्याचं बोलणं तपासावं. देशी मांगुराचं बी तयार करणं कटकटीचं काम आहे. मादीला अंडी कमी, आणि नराचं वीर्य काढायला त्याला मारावंच लागतं. म्हणून ते बी महाग असतं आणि सहज मिळत नाही. कुणी स्वस्तात, हवं तेवढं बी घरपोच देतो म्हणाला आणि वर सहा महिन्यांत किलोचा मासा होईल अशी हमी दिली, तर तो आफ्रिकन मांगुराचं वर्णन करतोय. पावतीवर माशाचं शास्त्रीय नाव लिहून मागा. टाळाटाळ झाली तर बी घेऊ नका.

बंदी कशासाठी?

आफ्रिकन मांगूर खादाड आणि मांसाहारी आहे. दुसऱ्या माशांची पिल्लं, अंडी, बेडूक, जे सापडेल ते खातो. कत्तलखान्यातलं आणि कोंबड्यांचं सडकं टाकाऊ मांस घालून तो वाढवला जातो, त्यानं पाणी नासतं. सोलापूर, पुणे जिल्ह्यांत उजनीच्या काठावर अशा बेकायदा तळ्यांवर मत्स्यव्यवसाय विभागानं कारवाया करून साठे नष्ट केले आहेत.

शेततळं बांधलेलं आहे, मासा कुठं जाणार, असं वाटतं. सप्टेंबर २०२५ चा सीनेचा पूर परंडा, भूमच्या लोकांनी पाहिलाय. असं पाणी आलं की बांध राहत नाही. एकदा हा मासा सीना, तेरणा, मांजरेच्या पात्रात शिरला की परत काढता येत नाही. मग मरळ, वाम, देशी मांगूर कमी होणार, आणि त्यावर पोट असलेल्या मासेमारांच्या जाळ्यात काय येणार?

तळ्यात निघालाच तर

घाबरून तो ओढ्यात, विहिरीत किंवा तलावात सोडू नका, सगळ्यात मोठं नुकसान त्यानंच होतं. धाराशिवच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्त कार्यालयाला कळवा. त्याआधी मोबाईलवर तीन फोटो काढून ठेवा : डोकं वरून, पूर्ण मासा बाजूनं, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. डोक्याचा फोटो स्पष्ट असला तर जाणकाराला फरक ओळखणं सोपं जातं.