रूट : लिनक्स यंत्राचा सर्वाधिकारी

घरांत लिनक्सवर चालणारा संगणक नव्यानें आला, कीं पहिल्या आठवड्यांतच एक प्रसंग बहुधा घडतो. मुलाला एखादा नवा प्रोग्रॅम बसवावयाचा असतो. तो आज्ञा देतो आणि यंत्र परवलीचा शब्द विचारतें. शब्द टाइप करूं लागावें, तर पडद्यावर बहुधा अक्षर उमटत नाहीं, ठिपकाहि उमटत नाहीं. कळफलक बिघडला असें वाटून वडिलांना हांक जाते आणि मग निराळाच वाद सुरू होतो : यंत्र आपलें, पैसे आपण मोजले, मग हें परवानगी मागतें तरी कोणाची?

या प्रश्नाचें उत्तर ५० वर्षांहून जुनें आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही कार्यप्रणाली रचावयास घेतली. त्या काळीं एकच महागडें यंत्र अनेकांनीं मिळून वापरावयाचें असे. चाळींत प्रत्येक बिऱ्हाडाची खोली व कुलूप वेगळें, पण जिना, नळ आणि गच्ची सर्वांची. तशीच ही व्यवस्था. ज्यानें त्यानें आपल्या खोलींत वाटेल तें करावें, परंतु सामायिक वस्तूंना हात लावण्याचा अधिकार एकाच खात्याकडे असावा. त्या खात्याचें नांव 'रूट', म्हणजे मूळ. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हां हाच शिरस्ता पुढें चालविला.

यंत्र माणसाला नांवानें नव्हे, क्रमांकानें ओळखतें. रूटचा क्रमांक शून्य. कोणी फाईल मागितली, कीं मागणारा कोण आणि त्याला वाचण्याची वा लिहिण्याची मुभा आहे काय, याची चौकशी होते. क्रमांक शून्य असेल, तर ही अडवणूक जवळजवळ होतच नाहीं.

ती न झाल्यास काय घडतें, याचें एक उदाहरण २०११ सालचें आहे. लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड नीट चालावें म्हणून कांहीं स्वयंसेवकांनीं 'बम्बलबी' नांवाचा प्रोग्रॅम तयार केला होता. तो बसविणाऱ्या आज्ञांच्या यादींत एक वस्तु पुसून टाकण्याची ओळ होती. ती वस्तु 'यूएसआर' नांवाच्या दालनांत खोलवर होती. पण ओळ लिहितांना 'यूएसआर' या अक्षरांपुढें चुकून एक कोरी जागा सुटली. यंत्रानें अर्थ घेतला तो असा, कीं आधीं 'यूएसआर' सबंध पुसावें आणि मग पुढची वस्तु पुसावी. यंत्रावरील बहुतेक सारे प्रोग्रॅम त्याच दालनांत असतात. साध्या खात्यानें ही आज्ञा दिली असती, तर 'परवानगी नाहीं' म्हणून ती फेटाळली गेली असती. परंतु यादी रूटच्या अधिकारानें चालत होती. लिहिणाराच्या मनांत कपट नव्हतें, चालविणाराच्याहि नव्हतें. परवलीचा शब्द परक्याला अडविण्यासाठीं आहेच. पण मालकाला क्षणभर थांबविण्यासाठींहि आहे, तो यामुळें.

थांबविण्याच्या दोन पद्धति आहेत. जुनी 'सू' या आज्ञेची. तींत रूटचा शब्द सांगून रूटच बनावयाचें आणि बाहेर पडेपर्यंत तसेंच राहावयाचें. चौघांनीं कारभार पाहावयाचा, तर एकच शब्द चौघांना ठाऊक. एकजण सोडून गेला, कीं शब्द बदलून उरलेल्यांना पुन्हां कळवावा लागे. म्हणून १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यांतील बफेलोच्या विद्यापीठांत 'सुडो' ही आज्ञा निघाली. ती म्हणजे एका कामापुरतें मुखत्यारपत्र. सुडो सामान्यतः विचारते तो शब्द रूटचा नव्हे, आज्ञा देणाराचा स्वतःचा. अधिकाऱ्यांच्या यादींत त्याचें नांव असेल, तर तेवढें काम रूटच्या अधिकारानें पार पडतें. कोणीं, केव्हां, कोणती आज्ञा दिली याची नोंद रोजकीर्दीप्रमाणें राहते. आणि मनुष्य पुन्हां साधा बिऱ्हाडकरू होतो. मात्र शब्द एकदां दिल्यावर कांहीं मिनिटें तो पुन्हां विचारला जात नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

२००४ सालीं निघालेल्या उबंटूनें याच्याहि पुढें जाऊन रूटच्या खात्याला परवलीचा शब्दच ठेवला नाहीं. तेथें 'रूटचा शब्द कोणता' म्हणून शोध घेणें व्यर्थ; यंत्र मांडतांना पहिल्या खात्यासाठीं ठरविलेला शब्दच द्यावयाचा. डेबियनमध्यें मांडणीच्या वेळीं रूटसाठीं वेगळा शब्द ठरवितां येतो, आणि तो ठरविला तर पहिल्या खात्याला सुडोचा अधिकार आपोआप मिळत नाहीं. घरोघरचा गोंधळ होतो तो याच फरकामुळें.

हे शब्द यंत्र लिहून ठेवतें काय ? पूर्वीं ठेवीत असे. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत दोन कारभाऱ्यांच्या फाइलींची अदलाबदल झाली, आणि दिवसाच्या सूचनेऐवजीं सर्वांचे गुप्त शब्द यंत्राशीं येणाऱ्या प्रत्येकापुढें छापून आले. आतां शब्द दळून ठेवतात. गव्हाचें पीठ होतें, पिठाचे गहू होत नाहींत. तसा शब्द गणिताच्या जात्यांत घालून निघालेलें पीठ तेवढें 'शॅडो' नांवाच्या फाइलींत राहतें. कोणी शब्द दिला, कीं तोहि दळून दोन्ही पिठें ताडून पाहावयाचीं. दळण्यापूर्वीं प्रत्येक शब्दांत निराळें 'मीठ' घालतात. हें नांव शास्त्रज्ञांचेंच आहे. त्यामुळें दोघांनीं एकच शब्द निवडला, तरी पीठ सारखें दिसत नाहीं. पण दाणाच किडका असेल तर जातें काय करील ? १९७९ सालीं रॉबर्ट मॉरिस व टॉम्प्सन यांनीं ३,२८९ परवलीचे शब्द तपासले. त्यांपैकीं २,८३१ अति आंखूड किंवा शब्दकोशांत वा नांवांच्या यादींत सांपडणारे निघाले.

शिवाय, ज्याच्या हातीं ससा तो पारधी. सबंध यंत्रच चोरीस गेलें, तर त्यांतील डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडून वाचतां येते. तेथें रूटचें कांहीं चालत नाहीं. याकरितां मांडणीच्या वेळींच सबंध डिस्क सांकेतिक लिपींत ठेवण्याची सोय पत्करावी, आणि तिचा शब्द मात्र विसरूं नये. तो विसरला तर मालकालाहि आंत जातां येत नाहीं.

सुडो पहिल्यानें वापरतांना कित्येक यंत्रांवर तीन सूचना उमटतात. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींचा मान राखावा, टाइप करण्यापूर्वीं विचार करावा, आणि मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते हें विसरूं नये, असा त्यांचा आशय आहे. मुलानें कोठून तरी उतरवून आणलेली आज्ञा 'सुडो' या शब्दानें सुरू होत असेल, तर वडिलांनीं शब्द देण्यापूर्वीं एकच विचारावें : ही ओळ काय पुसते आणि काय लिहिते ? मुलाला तें सांगतां आलें, तर शब्द खुशाल द्यावा. न आलें, तर प्रोग्रॅम उद्यां बसविला तरी कांहीं बिघडत नाहीं.