दुर्बिणीच्या शस्त्रकर्मानंतरची वेदना आणि अफूवर्गीय औषधे

गेल्या वर्षी एक रुग्णा शस्त्रकर्मानंतर चौथ्या दिवशी माझ्या चिकित्सालयात आली. गर्भाशयातील गाठींसाठी दुर्बिणीतून गर्भाशय काढलेले. पोटावरील छोटे छेद उत्तम भरून येत होते. तक्रारी मात्र निराळ्याच होत्या. चार दिवस मलप्रवृत्ती नाही, सतत मळमळ, डोके जड आणि उजव्या खांद्यात ठणका. सासूबाई आल्याआल्याच म्हणाल्या, “डॉक्टर, हिला एरंडेल द्या, पोट साफ झाले की सगळे थांबेल.”

मी आधी पिशवीतील सर्व औषधे टेबलावर मांडावयास सांगितली. ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम यांची संयुक्त गोळी दिवसातून तीनदा चालू होती. शिवाय अंग दुखते म्हणून घरातील पॅरासिटामॉल ६५० चारदा. म्हणजे दोन्ही मिळून पॅरासिटामॉलच साडेतीन ग्रॅमच्या वर. प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. ही बेरीज कोणीच केलेली नव्हती.

ट्रॅमाडॉल अफूच्या चिकापासून काढीत नाहीत, ते कृत्रिम आहे. कार्य मात्र पुष्कळसे अफूच्याच मार्गाने होते. मेंदूतील वेदनेची जाणीव मंदावते त्याचबरोबर आतड्याची गतीही मंदावते. आपल्या परिभाषेत अपानाचा अवरोध होतो. अशा वेळी, नुकत्याच झालेल्या उदरशस्त्रकर्मावर, तीक्ष्ण विरेचन देणे धाडसाचे ठरते. मी शल्यचिकित्सकांना दूरध्वनी केला. त्यांच्या संमतीने ट्रॅमाडॉल बंद झाले, पॅरासिटामॉल ठरावीक वेळी एकाच स्वरूपात राहिले. कोष्ण जल, रात्री दूध-तूप आणि घरातल्या घरात चालणे एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी पोट साफ झाले.

अमेरिकेत १९९० च्या दशकापासून अफूवर्गीय वेदनाशामकांचे व्यसन फैलावले, तेव्हा शस्त्रकर्मानंतर घरी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांकडेही लक्ष गेले. त्यांतील बऱ्याच गोळ्या न वापरताच घरी पडून राहतात, असे तेथे आढळले. त्याआधीच डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केह्लेट यांनी शस्त्रकर्मानंतर रुग्ण लवकर उभा करण्याची पद्धती मांडली होती. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१८ मध्ये स्त्रीरोगविषयक शस्त्रकर्मांसाठी तिचा पुरस्कार केला. तीत वेदनेवर एकाच तीव्र औषधाचा मारा करीत नाहीत. छेदाच्या जागी बधिरीकरणाचे औषध टोचतात. नंतर पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेनसारखे शोथहर औषध वेदना वाढण्याची वाट न पाहता घड्याळ लावून देतात. अफूवर्गीय गोळी एवढ्यानेही न शमणाऱ्या वेदनेपुरतीच, तीही मोजकी. वृक्कविकार, आमाशयातील व्रण वा दमा असणाऱ्या रुग्णेस शोथहर औषधे देताना मात्र जपावे लागते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात शस्त्रजन्य तीव्र वेदनेवर यष्टीमधुयुक्त कोष्ण घृताचे सिंचन सांगितले आहे. वेदना जेथे उपजते तेथेच ती शमवावी, ही दृष्टी त्यात आहे. याचा अर्थ दुर्बिणीच्या छेदांवर आपण तूप लावावे असा मुळीच नाही. टाके व पट्टी ही शल्यचिकित्सकाची बाब आहे. तसेच योनीमार्गाच्या वरच्या टोकाला टाके असताना बस्ती वा उत्तरबस्ती त्यांच्या संमतीवाचून देऊ नये.

खांद्याचा ठणका हा आपल्याला हमखास चकविणारा प्रकार. दुर्बिणीच्या वेळी उदरात भरलेला कर्बद्विप्राणिल वायू थोडा मागे राहतो, मध्यपटलास उत्तेजित करतो आणि मध्यपटलाची व खांद्याची संवेदना मानेतील एकाच भागाशी जोडलेली असल्याने वेदना खांद्यात जाणवते. त्याला अवबाहुक समजून अभ्यंग-स्वेदन करीत बसण्याचे कारण नाही. बहुधा दोन-तीन दिवसांत तो आपोआप उतरतो. नसस्पर्शी लक्षणे नसतील तर धीर देणे हीच चिकित्सा.

वेदना दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढू लागली, ताप आला, पोट फुगून वायूही सरेनासा झाला, मूत्र कमी झाले किंवा योनीमार्गातून पाण्यासारखा स्राव सुरू झाला, तर तो वेदनाशमनाचा प्रश्न राहत नाही. आतड्यास वा मूत्रवाहिनीस इजा झालेली असू शकते. तेथे आपण काढा देऊन एक दिवसही घालवू नये, त्याच दिवशी शस्त्रकर्म केलेल्या रुग्णालयात धाडावे.

औषधविक्रेत्या बांधवांसाठी थोडे. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पट्टी देऊ नये. नैराश्यावरील औषधे चालू असणाऱ्या वा अपस्माराचा इतिहास असणाऱ्या रुग्णेबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊच नये. आपल्या कपाटाकडेही पाहावे. बृहत्त्रयीत अहिफेन नाही, शार्ङ्गधरसंहितेत आहे. पुढे ते अनेक कल्पांत आले. कामिनी विद्रावण रसाच्या गोळ्यांचे व्यसन जडल्याच्या नोंदी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये झालेल्या आहेत. वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक, असे सांगून अहिफेनयुक्त कल्प शस्त्रकर्माच्या वेदनेसाठी कोणी मागितला, तर तो ट्रॅमाडॉल मागितल्यासारखाच समजावा.