नितळ पाण्याचं दुःख

‘निळं, नितळ पाणी’ हे शब्द मी कवितेत कितीदा वापरले असतील! आता हात अडखळतो. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांमधली लुखा नदी हिवाळ्यात गर्द निळी होते, आणि त्या निळाईत मासे मरतात. कोळशाच्या खाणींतून झिरपणारं आम्ल हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

तिथल्या कोळशात गंधक फार. त्यातल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाला हवा आणि पाणी लागलं, की गंधकाम्ल तयार होतं. ते ओढ्यांत उतरताना दगडमातीतलं ॲल्युमिनियम विरघळवतं. हे ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर साचतं. मासा पाण्यातच गुदमरतो. लोहाचा तांबूस गाळ तळ झाकतो, तळातले किडे मरतात. मेघालयातून आसामात उतरणाऱ्या कोपिलीवरच्या वीज प्रकल्पाची यंत्रंसुद्धा अशा पाण्यानं झिजली. कल्ल्यांची काय कथा!

2014 साली राष्ट्रीय हरित लवादानं तिथल्या उंदीरबिळांसारख्या खाणींवर बंदी घातली. पण खाण थांबली, तरी आम्ल थांबत नाही. उघडी बिळं आणि ढीग झिरपतच राहतात. चुनखडीनं आम्ल मारता येतं, पण ते काम वर्षानुवर्षांचं.

यापुढे नदीला नितळ म्हणण्याआधी मी वाकून पाहीन, तळाशी एखादी मासोळी हलते आहे का.