टनेज आहे, पण उतारा?



यंदाच्या जत्रेतल्या कुस्ती मैदानातली गोष्ट. आपल्याच एका सभासदाचा मुलगा आखाड्यात उतरला. वजन पंच्याण्णव किलो, मांड्या खांबासारख्या. समोरचा पोरगा दहा-बारा किलोने हलका. "ही कुस्ती दोन मिनिटांची," असे शेजारचे जाणकार म्हणाले. पहिली तीन-चार मिनिटे आपल्या गड्याने त्याला खरोखरच फिरवला. पण पुढे छाती भात्यासारखी हलू लागली, हात गुडघ्यांवर टेकले. सातव्या मिनिटाला त्या हलक्या पोराने एकेरी पट काढला आणि आपल्या गड्याला आस्मान दाखवले.

परतताना त्याचे वडील भेटले. म्हणाले, "गुरुजी, दूध, तूप, बदाम, काय कमी केलं म्या? उसाचा अख्खा हप्ता ह्याच्या खुराकात गेला."

त्यांना जे उत्तर दिले, तेच येथे सर्वांसाठी लिहीत आहे.

आपण ऊस पिकवतो. एकरी टनेज उत्तम आले, पण काट्यावरून गेलेल्या त्या उसाला उताराच नसेल तर काय उपयोग? शरीराचेही तसेच आहे. वजन आणि दंडाचा घेर हे झाले टनेज. मैदानात कामाला येतो तो उतारा, म्हणजेच शारीरिक क्षमता. आणि ही क्षमता एकच एक वस्तू नाही. तिचे घटक अनेक आहेत आणि प्रत्येकाची मेहनत वेगळी आहे.

क्षमतेचे घटक

पहिला घटक ताकद. प्रतिस्पर्ध्याला उचलणे, दाबून धरणे हे ताकदीचे काम. दोर चढणे, करेला फिरवणे, वजने उचलणे यांनी ती वाढते.

दुसरा दम. ट्रॅक्टर कितीही अश्वशक्तीचा असो, डिझेल संपले की बांधावरच उभा राहणार. हृदय आणि फुप्फुसे स्नायूंना प्राणवायू किती पुरवतात, यावर दम अवलंबून असतो. पूर्ण जोर लावून केलेली हालचाल स्नायूतल्या तयार साठ्यावर जेमतेम दहा सेकंद चालते. पुढे मिनिट-दीड मिनिट शरीर कसेबसे ओढते, अंग जड होते, आणि त्यानंतर सारी भिस्त प्राणवायूवर. आपला गडी हरला तो इथे. रोजचे पळणे त्याने कधीच केले नव्हते.

तिसरा स्नायूंचा चिवटपणा. एकच हालचाल न थकता पुन्हा पुन्हा करता येणे. आपल्या जुन्या वस्तादांचे जोर आणि बैठका याचसाठी आहेत.

चौथा लवचिकपणा. सांधे मोकळे असतील तर डाव पूर्ण बसतो आणि दुखापतही कमी होते. मल्लखांब, सूर्यनमस्कार आणि ताणाचे व्यायाम यासाठी उत्तम.

याखेरीज वेग, चपळाई, तोल आणि डोळ्याने पाहताच हालचाल करण्याची तत्परता. कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात शिवायचे आणि मध्यरेषेवर परतायचे, म्हणजे वेग आणि चपळाई हवीच. पण सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असतो, म्हणून दमही हवा. खो-खोत पळणारा हुलकावणी देतो ती चपळाईच्या जोरावर. तेथे भरदार अंग उलट आडवे येते. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये फक्त तीस सेकंद विश्रांती. खेळ जे मागतो तीच मेहनत करावी, हे सूत्र.

खाशाबांचा धडा

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत वाढलेल्या खाशाबांना मॅट नवी होती. पुढची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा काही आडदांड देहाचे नव्हते. ओळखले जात ते चपळाईसाठी आणि डावांसाठी. त्याच स्पर्धेत जपानच्या इशीशी लांबलेल्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना पुढच्या कुस्तीला उभे राहावे लागले आणि ती त्यांनी गमावली, असे सांगतात. थकलेले शरीर किती लवकर पुन्हा ताजे होते, यावरही निकाल ठरतो तो असा.

वजन उतरवण्याचा जीवघेणा मार्ग

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. खालच्या वजनगटात बसण्यासाठी काही मुले दोन-दोन दिवस पाणी तोडतात, जाड कपडे घालून उन्हात पळतात. यात कमी होते ती चरबी नव्हे, रक्तातले पाणी. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत असेच वजन उतरवताना महाविद्यालयीन तीन पैलवान महिनाभराच्या अंतराने दगावले. त्यानंतर तेथील नियम कडक करण्यात आले. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली होती. पण रात्रभर खटपट करूनही वजन शंभर ग्रॅम जास्त भरले आणि तिला बाद व्हावे लागले. वजन उतरवायचेच असेल तर काही आठवडे आधीपासून, आहारातून, हळूहळू उतरवावे. तसेच "लवकर अंग भरतं" म्हणून कोणी इंजेक्शन देऊ लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. हृदय आणि यकृत त्यात जाते.

घरच्या घरी परीक्षा

शेतातले काम हाच व्यायाम, असे आपण म्हणतो. त्याने अंग कसदार होते हे खरे, पण वेग आणि लवचिकपणा त्यातून मिळत नाही. आता तर पुष्कळसे काम ट्रॅक्टरच करतो.

महिन्यातून एकदा शाळेच्या मैदानावर बारा मिनिटे पळून अंतर मोजावे. १९६८ साली अमेरिकेतील डॉ. कूपर यांनी ही चाचणी प्रसिद्ध केली. विशीतल्या निरोगी तरुणाने २४०० मीटरच्या पुढे मजल मारली तर दम चांगला समजावा. सकाळी उठताच नाडी मोजून वहीत लिहावी. दम वाढेल तशी ती संथ होत जाते. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. तेथेही हीच तयारी कामाला येते. मुलींचा दम लवकर संपत असेल तर रागावू नका, आधी रक्त तपासा. रक्त कमी असेल तर प्राणवायू पोचणार कसा?

मेहनत दर आठवड्याला थोडी वाढवावी आणि एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. जमिनीलाही विसावा लागतोच की!

त्या सभासदांचा मुलगा आता पहाटे कालव्याच्या रस्त्याने पळतो. पहिल्या दिवशी दोन फर्लांगांत खाली बसला होता. परवा वडील सांगत होते, "गुरुजी, खुराक निम्म्यावर आलाय, पण गडी आता थांबत नाही."

पुढच्या जत्रेत कुस्ती कोण मारेल ते आखाडाच ठरवील. आपण पोरांच्या टनेजाबरोबर उताराही पाहू या.