हसूनला छदामही नको!

‘दलाल’ हा शब्द आपल्याला परका नाही. नऊशे वर्षांपूर्वी जुन्या कैरोत, म्हणजे फुस्तात शहरात, तो एका यहुदी बाईच्या नावामागे लागला होता. करीमा तिचे नाव. अलेक्झांड्रियाच्या अम्मार सराफाची ही लेक. लोक मात्र तिला ‘वुहशा दल्लाला’ म्हणूनच ओळखत. नवऱ्याशी काडीमोड झालेला, आणि पैसा स्वतः कमावलेला!

देवाचे नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, या रिवाजामुळे तिथल्या बेन एझरा प्रार्थनामंदिराच्या कोठीत शतकानुशतके कागद साठत गेले. त्यांतच बाईंचे मृत्युपत्र निघाले. गॉइटाइन या पंडितांनी १९६७ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली.

यहुदी धर्मशास्त्रात बायको नवऱ्याची वारस नव्हे, नवरा मात्र बायकोचा वारस. तेव्हा कुंकवाचा धनी असलेल्या बाईने मृत्युपत्र करायचे ते कशाचे? वुहशा मोकळी होती. पण पुढे अस्कलानच्या हसूनशी तिचा संबंध जडला आणि दिवस राहिले. मुलाच्या बापाविषयी उद्या कुणी शंका काढू नये, म्हणून तिने लोकांना घरी बोलावून हसून तिथे असल्याचे साक्षीदार करून ठेवले. लाजून बसली असती तर पोर उघड्यावर पडले असते.

त्या काळी दोन दिनारांत साध्या कुटुंबाचा महिना निघे. बाईंची इस्टेट सातशे दिनारांच्या घरात! भावाला शंभर, स्वतःच्या अंत्यविधीला पन्नास, दफनभूमीला पंचवीस. मुलगा अबू साद याला धर्मग्रंथ आणि प्रार्थना शिकवायला पंतोजी ठेवावा; त्याला घोंगडी आणि निजायला सतरंजी द्यावी, म्हणजे तो मुलाजवळ राहील; शिवाय आठवड्याला पाच दिरहम. मरणाच्या दारातही पंतोजींच्या अंथरुणाची आठवण ठेवणारी ती आईच!

आणि हसून? त्याला एक छदामही देऊ नये, असे तिने स्पष्ट लिहवून घेतले.

एका प्रायश्चित्ताच्या उपासदिनी इराकी मंडळींच्या प्रार्थनामंदिरातून तिला बाहेर काढले होते. रात्री लोकांना अभ्यास करता यावा, म्हणून शहरातल्या प्रार्थनामंदिरांना दिव्याच्या तेलासाठी तिने पैसे ठेवले. त्या यादीत इराक्यांचेही मंदिर आहे.