कर्ता कोण? शेक्सपिअर-वाद आणि प्रमाणांचा विचार

शेक्सपिअरच्या नावावर असलेली नाटके खरोखर कोणी लिहिली, हा प्रश्न त्याच्या हयातीत कोणी विचारला नाही. १६१६ मध्ये तो वारल्यावर पुढील दोन शतकांतही त्याची गंभीर चर्चा झाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो प्रश्न उपस्थित झाला, आणि तेव्हापासून त्याला वाहून घेतलेल्या हौशी अभ्यासकांचा एक स्वतंत्र संप्रदायच निर्माण झाला. इंग्लंडात १८८६ मध्ये बेकन सोसायटी स्थापन झाली, १९२२ मध्ये शेक्सपिअर फेलोशिप निघाली. वकील, शाळाशिक्षक, नट अशा नाना व्यवसायांतील माणसे या मंडळांत एकत्र आली. विद्यापीठांनी बहुधा या वादाची उपेक्षाच केली. तथापि वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला तो उपेक्षणीय नाही. कारण ग्रंथाचे कर्तृत्व कशाच्या आधारे ठरवावे, या मूलभूत प्रश्नाची त्यात जणू कसोटीच लागते.

संशयवाद्यांचा मुख्य आक्षेप थोडक्यात असा : नाटकांत कायदा, दरबारी रीतिरिवाज, इटलीतील नगरे, अभिजात वाङ्मय यांचा परिचय दिसतो; उलट स्ट्रॅटफर्डचा शेक्सपिअर हा हातमोजे करणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेला. त्याच्या मृत्युपत्रात ग्रंथांचा किंवा हस्तलिखितांचा उल्लेख नाही, आणि त्याच्या हातच्या म्हणून सामान्यतः मानल्या जाणाऱ्या सहा सह्या एकसारख्या नाहीत. तेव्हा हे नाव म्हणजे कोणा थोर पुरुषाने पांघरलेला बुरखा असावा. डीलिया बेकन हिने १८५७ च्या आपल्या ग्रंथात फ्रान्सिस बेकन व त्याच्या वर्तुळाकडे बोट दाखविले. जॉन टॉमस लोनी या शाळाशिक्षकाने १९२० मध्ये ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल एडवर्ड डी व्हिअर याचे नाव पुढे केले, आणि आज संशयवाद्यांत याच पक्षाचे प्राबल्य आहे.

या आक्षेपांत बाह्य प्रमाण जवळजवळ नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बाह्य प्रमाण आहे ते दुसऱ्या बाजूस. १६२३ मध्ये छत्तीस नाटकांचा जो संग्रह प्रसिद्ध झाला, तो जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या शेक्सपिअरच्या सहकारी नटांच्या पुढाकाराने; आणि याच दोघांना रिचर्ड बर्बेजसमवेत स्मरणार्थ अंगठ्या घेण्यासाठी शेक्सपिअरने मृत्युपत्रात पैसे ठेविले होते. त्याच संग्रहातील एका प्रशस्तिपर कवितेत लेनर्ड डिग्ज याने कवीच्या स्ट्रॅटफर्ड येथील स्मारकाचा उल्लेख केला आहे. नट, नाटककार आणि स्ट्रॅटफर्डचा गृहस्थ या तिघांना एकत्र बांधणारी ही साखळी आहे. शिवाय ऑक्सफर्डचा अर्ल १६०४ मध्ये मरण पावला. उलट १६१३ मध्ये ग्लोब नाट्यगृह जळाले तेव्हा तेथे चाललेले आठव्या हेन्रीवरील नाटक नवे होते, असे सर हेन्री वॉटन याने त्याच वेळी पत्रात लिहून ठेविले आहे. ग्रंथांचा उल्लेख मृत्युपत्रात नसणे किंवा त्या काळातील शाळेची हजेरीपुस्तके आज उपलब्ध नसणे हा अभाव आहे. आणि अभावावरून अनुमान काढावयाचे झाल्यास ती वस्तू तेथे अवश्य असावयास हवी होती, हे आधी सिद्ध करावे लागते.

संशयवाद्यांची खरी भिस्त अंतःप्रमाणावर आहे. नाटकांतून कर्त्याचे गुणविशेष निवडावयाचे व ते ज्याला लागू पडतील असा पुरुष शोधावयाचा, ही लोनीची पद्धती. तिच्यातील दोष असा, की गुणविशेषांची निवड करणाराच निर्णय देणाराही असतो. म्हणून एकाच नाटकसंग्रहातून कोणास बेकन, कोणास ऑक्सफर्ड, तर कोणास मार्लो सापडतो. गुप्तलिपीचा मार्ग तर याहून निसरडा आहे. इग्नेशस डॉनली याने १८८८ मध्ये नाटकांत बेकनचा सांकेतिक संदेश सापडल्याचे जाहीर केले. विल्यम व एलिझबेथ फ्रीडमन या अमेरिकन गुप्तलिपितज्ज्ञ दांपत्याने १९५७ मध्ये अशा दाव्यांची छाननी केली. खऱ्या गुप्तलिपीचे नियम निश्चित असतात आणि त्यांतून एकच उत्तर निघते. येथे मात्र सोडविणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे उत्तर बदलते, असे त्यांनी दाखवून दिले.

मग अंतःप्रमाण सर्वथा त्याज्य समजावयाचे काय? तसे नव्हे. बेकनच्या समग्र वाङ्मयाचा संपादक जेम्स स्पेडिंग याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याने १८५० मध्ये आठव्या हेन्रीवरील नाटकाचे प्रवेश शेक्सपिअर व जॉन फ्लेचर यांच्यात वाटून दाखविले. ओळीच्या अखेरीस येणारे जादा अनाघात अक्षर फ्लेचरच्या पद्यात फार आढळते, हा त्याचा एक आधार होता. पुढे विसाव्या शतकात सायरस हॉय याने सर्वनामांच्या रूपांची मोजदाद करून ही विभागणी पुन्हा तपासली. म्हणजे ज्याला बेकनची शैली सर्वांत अधिक परिचित होती, त्याने शेक्सपिअरच्या नाटकात दुसरा हात ओळखला. पण तो हात बेकनचा आहे, हे मत मात्र त्याने साफ नाकारले. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या नव्या आवृत्तीने सहाव्या हेन्रीवरील तिन्ही नाटकांच्या कर्तृत्वात मार्लोचे नाव समाविष्ट केले. यावर मतभेद आहेत. परंतु मोजदाद कोणालाही पुन्हा करून पाहता येते, आणि येथेच दोन मार्गांतील भेद स्पष्ट होतो.

मराठीच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’ पत्रातून शि. ए. भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ज्ञानेश्वरीचा कर्ता व अभंगांचा कर्ता हे भिन्न पुरुष होत, असे प्रतिपादिले. अभंगांची भाषा अर्वाचीन दिसते, हा त्यांचा एक मुद्दा. मुखपरंपरेने चालत आलेल्या रचनेची भाषा काळानुसार पालटते, हे त्यावरील उत्तर. हा वाद निदान संहितेच्या भूमीवर चालला, आणि त्यामुळे पाठपरंपरेचा विचार करणे दोन्ही पक्षांस भाग पडले.

संशयवाद्यांच्या चुकीचे मूळ मात्र पंडितांच्याच अंगणात आहे, असे जेम्स शपिरो याने २०१० मध्ये दाखविले. एडमंड मलोन याने १७८० च्या सुमारास सुनीतांवर टिपा लिहिताना त्यांत कवीचे चरित्र शोधावयास आरंभ केला. कृतीत कर्त्याचे जीवन प्रतिबिंबित झालेच पाहिजे, हे गृहीत एकदा मान्य केल्यावर ज्याचे जीवन कृतीशी जुळत नाही तो कर्ताच नव्हे, असे म्हणणारा पुढे येणारच. २००७ मध्ये डेरेक जॅकोबी, मार्क रायलन्स प्रभृती नटांनी पुरस्कारिलेल्या निवेदनात हा प्रश्न विद्यापीठांनी अभ्यासविषय म्हणून मानावा, अशी मागणी होती. तिचे खरे उत्तर उपहास हे नव्हे. काव्यावरून कवीचे चरित्र रचण्याची सवय प्रबंधलेखकांनी स्वतः सोडणे आणि प्रत्येक विधानामागचे प्रमाण कोणत्या जातीचे आहे ते स्पष्ट सांगणे, हेच ते उत्तर होय.