पंखा आणि गिअर: जुन्या आउटबोर्ड शर्यतबोटींचं जुळवणं

मागच्या वेळी आपण दोन-स्ट्रोक इंजिनाची ताकद कुठल्या फेऱ्यांना येते ते पाहिलं. आज ती ताकद पाण्यापर्यंत कशी पोचते ते पाहू. उदाहरणासाठी 1950 च्या दशकातल्या अमेरिकन शर्यतबोटी घेऊ. तेव्हाची मर्क्युरी मार्क 20 एच सारखी इंजिनं लोक आजही जपतात, दुरुस्त करतात आणि पाण्यात पळवतात. दोन सिलिंडर, जेमतेम सव्वातीनशे सीसी, मागे छोटासा पितळी पंखा आणि चालक बोटीत गुडघ्यांवर बसलेला.

आधी पिच म्हणजे काय ते समजून घेऊ. लाकडात स्क्रू पिळताना एका फेऱ्यात तो जितका आत जातो, तितकी त्याची पिच. पंख्याचंही तसंच. 10 इंच पिचचा पंखा एका फेऱ्यात 10 इंच पुढे जायला हवा. जात नाही, कारण पाणी म्हणजे लाकूड नव्हे. थोडी घसरण होतेच. चांगल्या जुळणीत ती दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास धरतात.

आता हिशोब करू. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेतंय, गिअर एकास एक आहे, पिच 10 इंच. म्हणजे मिनिटाला 60,000 इंच. ताशी एक मैल म्हणजे मिनिटाला 1056 इंच, म्हणून भागाकार केला की ताशी जवळपास 57 मैल. बारा टक्के घसरण वजा केली तर 50. हे साहित्य सगळं इंच-मैलातलं आहे, म्हणून आपणही तेच वापरतोय.

आता गिअर बदलू. वरच्या गिअरला 14 दाते, खालच्याला 21. इंजिनाचे दीड फेरे झाले की पंख्याचा एक. म्हणजे पंखा 4000 वर फिरणार. पिच 15 इंच केली की पुन्हा 60,000! कागदावर दोन्ही बोटी सारख्याच पळाल्या. मग गिअर कुठलाही असो, पंखा बदलून भागवू, असं वाटतं ना? इथेच बहुतेक जण चुकतात.

सूत्रात फक्त वेग आहे. तो वेग गाठायला इंजिनाला किती जोर लावावा लागेल, हे त्यात कुठेच नाही. आकार तोच ठेवला तर पंखा जी ताकद खातो ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि व्यासाच्या तर पाचव्या घाताच्या! 8 इंचांचा पंखा त्याच घडणीत साडेआठ इंचांचा केला, तर त्याच फेऱ्यांना तो सुमारे 35 टक्के जास्त ताकद मागेल. अर्ध्या इंचाने! म्हणून पिच आणि गिअर ठरवताना व्यास विसरून चालत नाही. वेगात फिरणारा पंखा लहान ठेवावा लागतो. गिअरने फेरे कमी केले की मोठा पंखा पेलतो.

मोठा, सावकाश फिरणारा पंखा पाण्याला चांगला धरतो. माणसं आणि सामान वाहणाऱ्या बोटीला तोच हवा, म्हणून साध्या आउटबोर्डला रिडक्शन असतं. सायकलने घाट चढताना आपण हलका गिअर टाकतो, तसंच ते. मग शर्यतवाल्यांनी तो फायदा का सोडला?

कारण गिअर पाण्याखाली असतात. रिडक्शन हवं तर खालचा गिअर मोठा हवा, आणि तो ज्या लांबट गोळ्यात बसतो तो गोळाही जाड होतो. ताशी 50-60 मैलांना ही जाडी पाणी कापत ओढावी लागते, आणि ती ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. पंख्यात कमावलेलं गोळ्यात जातं. मर्क्युरीचं क्विकसिल्व्हर नावाचं शर्यतीचं लोअर युनिट बघा: सडपातळ, न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही, गिअर जवळपास बरोबरीचे. आमच्या मते त्या काळातली ही सगळ्यात शहाणी तडजोड होती. बोट मागे घ्यायची सोयच सोडून दिली, बघा!

वेग जसा वाढतो तसं हे जास्त कडक होतं. 1958 साली सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर ह्युबर्ट एन्ट्रॉपने सहा सिलिंडरच्या मर्क्युरीवर ताशी 107.8 मैलांचा विक्रम केला. आपण नुसता हिशोब करून बघू. घसरण दहा टक्के धरली तर पिच गुणिले पंख्याचे फेरे सुमारे 1,26,500 यायला हवेत. पंखा 7000 वर असेल तर पिच 18 इंच लागेल, 8000 वर असेल तर 16 च्या जरा खाली. हे त्याच्या पंख्याचे खरे आकडे नव्हेत, फक्त कुठल्या घरात खेळ चालतो ते कळावं म्हणून.

पण सरळ रेषेतला विक्रम वेगळा आणि बॉय वळून फिरायची शर्यत वेगळी. वळणावर फेरे पडतात. पिच जास्त असेल तर इंजिन पुन्हा वर चढत नाही, घरघरत राहतं, आणि सरळ पट्टा संपेपर्यंत त्याची खरी ताकद येतच नाही. म्हणून छोट्या मार्गावर एक-दोन इंच कमी पिचचा पंखा अनेकदा पुढे निघतो, जरी त्याचा कमाल वेग कमी असला तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जड पंखा लावून पूर्ण थ्रॉटल दिला की दोन-स्ट्रोक इंजिन कमी फेऱ्यांवर गुदमरतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरमध्ये जॅम होतो. बोट 50 च्या वेगात, पंखा एकदम थांबलेला आणि चालक गुडघ्यांवर. तो कुठे फेकला जाईल ते सांगायला नको. उलट पंखा फार हलका असेल तर फेरे मर्यादेबाहेर जातात आणि कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस फोडून बाहेर येतो. तशी क्रँककेस आज दुकानात मिळत नाही. जुने गिअरही सहज मिळत नाहीत. हातात येतो तो पंखाच.

म्हणून चाचणीचा क्रम असा ठेवावा. पंख्यावर ठोकलेल्या आकड्यावर विसंबू नका. सत्तर वर्षांत तो किती वेळा ठोकून सरळ केला असेल, पात्याची मागची कड किती वळवली असेल, कोण जाणे. ती कड जरा वळलेली असली तरी पंखा लिहिलेल्या पिचपेक्षा जड वागतो. पिच मोजून घ्या. टॅकोमीटर लावा. बेताच्या पिचपासून सुरुवात करा, आणि थ्रॉटल हळूहळू उघडा म्हणजे फेरे मर्यादेच्या वर जाणार नाहीत. पाण्याबाहेर आल्यावर स्पार्क प्लग काढून बघा. मग एकेक इंच वाढवत जा. फेरे इंजिनाच्या ताकदीच्या टोकाखाली घसरले की एक पायरी मागे या. इंजिनाची उंची दर वेळी तीच ठेवा, कारण पंखा अर्धा इंच वर आला तरी आकडे बदलतात आणि मग नेमकं कशाने काय झालं ते कळत नाही.

ही उंची आणि पाण्याबाहेर अर्धा फिरणारा पंखा, हा विषय पुढच्या व्याख्यानात घेऊ. आता प्रश्न विचारा.